एका डोळ्याचा परीक्षक

बेडोक, सिंगापूर
१२ मार्च २०१६

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार कराडला आले की प्रत्यक्ष घालीन, तोवर हा कागदावरचा चालवून घे. रविवारी आपण फोनवर बोलतो खरं, पण तू "कशी आहेस, बरी आहेस ना" एवढं म्हणून दोन मिनिटांत फोन मामीकडे देतोस. कामाचं बोलायचं तर तुला पत्रच लिहायला हवं.

काम असं. गेल्या वर्षी मी एक जुना कॅमेरा विकत घेतला. विलासला सांगितलं, ईशाला सांगितलं, तुलाच सांगितलं नाही. कारण तू लगेच म्हणणार, "फोटो दाखव." आता दाखवते आहे. सोबत बारा आहेत.

आमच्या एमआरटी, म्हणजे मेट्रो स्टेशनबाहेर अधूनमधून दहा-अकरा दिवस तंबू ठोकून संध्याकाळचा बाजार भरतो. कपडे, मोबाइलची कव्हरं आणि बाकी सगळं खाणं. त्याला इथे पसार मालम म्हणतात. मलय भाषेत पसार म्हणजे बाजार आणि मालम म्हणजे रात्र. मला आधी वाटलं, माल घेऊन पसार होणाऱ्यांचा काहीतरी प्रकार असणार. तसं ते अगदीच चूक नाही. बाराव्या दिवशी जाऊन बघावं तर सगळा बाजार खरोखरच पसार झालेला असतो.

मी शाकाहारी, त्यामुळे तिथलं निम्म्याहून जास्त मला चालत नाही. फोटो मात्र सगळ्याचे काढते, लांब उभी राहून, झूम लावून. ईशा लाजून दहा पावलं मागे थांबते आणि म्हणते, "मा, प्लीज लाह, पीपल आर ईटिंग!" परवा एक विक्रेती माझ्यावर ओरडलीच, "सी, सी, सी, नेव्हर बाय!" मग मी मुकाट्याने वडे घेतले. आपल्या डाळवड्यासारखेच दिसत होते. उलटून बघते तर वड्यात अख्खी कोळंबी बसवलेली.

आता मुद्दा. आमच्या भागातल्या रहिवाशांनी काढलेल्या फोटोंचं ऑक्टोबरमध्ये प्रदर्शन आहे. विषय, बाजारातलं खाणं. तीस जुलैपर्यंत फोटो पाठवायचे आहेत. मी पाठवू का? आठवीपासून प्रत्येक मे महिना मी तुझ्या स्टुडिओत घालवला, निगेटिव्हवरचे डाग ब्रशने भरले, आणि लग्नानंतर वीस वर्षं कॅमेऱ्याला हात लावला नाही. आता मी त्रेचाळीस वर्षांची आहे. मला एवढंच जाणून घ्यायचं आहे की मी फोटोग्राफर आहे, की फोटो काढणारी एक बाई आहे. इथे सगळे "नाइस, नाइस" म्हणतात. तू म्हणणार नाहीस. लहानपणी विटी लागून तुझा उजवा डोळा गेला, तरी कराडातल्या दोन पिढ्यांची लग्नं तूच काढलीस. कॅमेऱ्याला तरी कुठे दोन असतात, असं तूच म्हणायचास. मला त्या एका डोळ्याचा निकाल हवा आहे. तू नाही म्हणालास तर मी कॅमेरा विकून टाकीन आणि रडणार नाही. म्हणजे थोडी रडेन.

तुझी,
जयू

*

कराड
३ एप्रिल २०१६

चि. जयूस,

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत. निकाल मात्र मागून मिळत नसतो.

तुझे फोटो मिळाले. फोटो आहेत की पोस्टाची तिकिटं? एवढ्याशा कागदावर मी कुणाची परीक्षा घेत नाही. आठ बाय बारा काढून पाठव. मागे चिठ्ठी चिकटवून कशाचा फोटो आहे ते लिही, तुमच्या तिकडच्या पदार्थांची नावं मला काय ठाऊक? आणि मोबाइलवर पाठवू का असं विचारूसुद्धा नकोस. मोबाइलवर फोटो बघणं म्हणजे बरणी बाहेरून चाटून लोणच्याची चव सांगणं.

दुसरं, जवळ जा. खाण्याचा फोटो आणि लांबून? पंगतीला बसल्यावर वाढप्याला दुर्बिणीतून बघतेस काय? झूम काढून ठेव.

कॅमेरा विकायच्या धमक्या मला देऊ नकोस. स्टुडिओ उत्तम चालला आहे. मामी बरी आहे. विलासरावांना नमस्कार.

तुझा,
मामा

*

बेडोक
२४ एप्रिल २०१६

प्रिय मामा,

तुझं अक्षर केवढं झालंय! एका पानावर नऊ ओळी. पाच पानी पत्र आलं म्हणून मी हरखले, तर मजकूर पोस्टकार्डाएवढा. मामीने कागदाचा कारखाना काढला की काय?

तुझं ऐकून झूम घरी ठेवला. पहिल्या दिवशी इतकी जवळ गेले की पुटू पिरिंगच्या वाफेने लेन्सही धुरकटली आणि चष्माही. (पुटू पिरिंग म्हणजे तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या वड्या, आत गूळ. उकडीच्या मोदकाचा चपटा भाऊ.) पण मामा, एक गंमत झाली. लांबून फोटो काढताना मी कुणाशी बोलत नव्हते. एवढ्या जवळ उभं राहिल्यावर बोलावंच लागतं. मग ते विचारतात कुठली, मुलं किती, हे खाऊन बघ. मग विचारतात, का नाही खात. तोवर ते कॅमेऱ्याला विसरून जातात.

विलास या महिन्यात वीस दिवस बाहेर होता. कंपनीची जहाजं दुरुस्तीला जातील त्या बंदरात त्याला जावं लागतं. त्यामुळे संध्याकाळ सगळी माझी. आठ बाय बाराचे दहा फोटो पाठवते आहे. मागे चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. पूर्वीसारखे शेरे मारून परत पाठव.

तुझी,
जयू

*

कराड
१५ मे २०१६

चि. जयूस,

दहाही फोटो शेरे मारून परत करत आहे. सुधारणा आहे. घाई नको. पुटू पिरिंगचा विशेष आवडला. पांढऱ्या वड्या, त्यावर पांढरी वाफ, आणि तरीही दोन्ही वेगळं दिसतं. पांढरं सांभाळणं सोपं नसतं, पंगतीत पांढरं धोतर नेसलेल्या नवरीच्या बापालाही विचार आणि फोटोग्राफरलाही.

तरी अजून जवळ जा. अजून मोठे काढ. प्रदर्शनाचं मग ठरवू.

मामा

*

बेडोक
२९ मे २०१६

मामा,

आज नमस्कार नाही. मला राग आला आहे.

चिठ्ठ्या चिकटवताना माझी चूक झाली होती. पुटू पिरिंगची चिठ्ठी बर्गरच्या फोटोमागे गेली आणि बर्गरची पुटू पिरिंगमागे. परत आलेलं पाकीट उघडलं तेव्हा ते लक्षात आलं. बर्गरचा फोटो म्हणजे काळाकुट्ट तवा, त्यावर अंड्यात गुंडाळलेली खिम्याची टिक्की आणि माणसाचा तेलकट हात. पांढरं म्हणून त्यात काही नाही. त्याच्या मागे तू जाड पेनाने लिहिलं आहेस, "पांढरं छान सांभाळलंस."

मी तो फोटो तासभर उलटसुलट करत बसले. मग तुझी तीनही पत्रं काढली. म्हणजे दोन पत्रं आणि शेरे. मोठं काढ, जवळ जा, मागे लिहून पाठव, आणि ते बोराएवढं अक्षर. मामा, तुला दिसत नाही. किती दिवसांपासून? मामी, हे पत्र तूच वाचून दाखवणार हे मला आता कळलं आहे, आणि तुझाही राग आला आहे. दर रविवारी "सगळं छान" म्हणतेस.

फोटो चांगले की वाईट हे मरू दे. मला इथे बसून भीती वाटते आहे. फोनवर हे विचारलं तर तू फोन मामीकडे देशील. म्हणून लिहून विचारते. खरं सांग.

जयू

*

कराड
१४ जून २०१६

चि. जयूस,

खरं सांगतो. मोतीबिंदू आहे. दोन वर्षं झाली. तुझ्या बारा फोटोंत मला बारा ढग दिसले. आठ बाय बारामध्ये थोडे मोठे ढग दिसले. जवळ जा म्हणालो ती कला नव्हती, पोरी. मला काहीतरी दिसावं म्हणून म्हणालो. स्टुडिओ गेल्या दिवाळीत बंद केला. एका लग्नात नवरदेव सोडून त्याच्या मेव्हण्याचेच फोटो काढले होते, त्यानंतर.

डॉक्टर ऑपरेशन कर म्हणतात. दोन डोळे असलेला माणूस एक देऊन बघू शकतो. मी काय देऊन बघू? चुकलं तर जी उजेड-अंधाराची जाण आहे तीही जाईल. माझ्या वडिलांच्या वेळी सांगत, मोतीबिंदू पुरता पिकू द्यावा, मग हात लावावा. म्हणून पिकू देतो आहे. घाबरतो असं म्हण हवं तर.

तुझा निकाल द्यायला मी लायक राहिलेलो नाही. हे तुला सांगायची लाज वाटली, म्हणून पांढरं सांभाळत बसलो. माफ कर.

मामा

जयवंती, खाली मी लिहिते. मी चिठ्ठी वाचायचे आणि ते शेरा लिहायचे. फोटोकडे मीही नीट पाहिलं नाही, तेवढं पाहायला हवं होतं. परवा यांनी चहाचा कप टेबलाच्या बाहेर ठेवला. तुझं ऐकतील तर बघ.
स्मितामामी

*

बेडोक
२९ जून २०१६

प्रिय मामा,

नमस्कार. राग गेला. पत्र वाचून खूप रडले आणि मेव्हण्याचं वाचून मध्येच हसलेही.

तुला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. इथे सध्या दुरियानचा मोसम आहे. फणसाचा लहान, काटेरी आणि फार वासाचा नातेवाईक. आमच्या ब्लॉकजवळ को नावाचे आजोबा गाडीवर तो विकतात. मी जवळ जाऊन उभी राहिले (तुझी कृपा) आणि विचारलं, अंकल, पुरता पिकू द्यायचा ना? त्यांनी फळ कानाशी हलवलं, देठ हुंगला आणि म्हणाले, "नो, नो. टू राइप, इनसाइड ऑल बिकम वॉटर. देन व्हेरी हार्ड टु ओपन नाइसली." मला एकदम तू आठवलास. दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. चष्मा तपासायचं निमित्त केलं आणि तुझं विचारलं. त्या म्हणाल्या, पिकायची वाट बघायची हे जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनचं. आता जितका पिकेल तितका आतला गर कडक होतो, नाहीतर पाणी होतो, आणि काढायला अवघड जातो. मामा, तू तुझ्या वडिलांच्या काळचं ऐकून थांबला आहेस आणि थांबल्यानेच धोका वाढतो आहे. एकच डोळा आहे म्हणूनच उशीर नको. तुझी भीती खोटी नाही. मीही घाबरले आहे. पण घाबरत का होईना, आता ऑपरेशन करून जे होईल ते थांबून होणाऱ्यापेक्षा बरं आहे.

दुसरी गोष्ट. रमजान चालू आहे, त्यामुळे गेलांग सेरायला मोठा बाजार भरला आहे. तिथे रोहाना नावाच्या बाई भाताचे आणि नारळाचे पदार्थ विकतात. शनिवारी दुपारपासून मी त्यांच्याजवळ होते. दिवसभर रोजा, आणि हातून शेकडो पानं भरून जात होती. मी विचारलं, मीठ कसं कळतं? म्हणाल्या, वासाने. सव्वासातला अजान झाली आणि सगळा बाजार थांबला. गिऱ्हाईक थांबलं, पोरं थांबली. रोहानाबाई उलट्या क्रेटवर बसल्या, कागदी पेल्यात पाणी घेतलं, आणि तो ओठांना लावण्याआधी त्यांनी डोळे मिटले. मी एकच फोटो काढला. दुसरा काढावासा वाटला नाही. नंतर त्यांना दाखवला, त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, माझ्या मुलीला एक प्रत दे.

तो फोटो चांगला आहे का, मला माहीत नाही. तुला दिसत नाही आणि दुसऱ्या कुणाला विचारायचं नाही. म्हणून मी ठरवलं आहे की सहा फोटो मीच निवडून पाठवणार. तुझ्या निकालाशिवाय. तुझं ते जवळ जा म्हणणं ही कला नव्हती म्हणतोस, तर नसू दे. माझ्या कामी आलं.

मी माझं करते. तू तुझं कर.

तुझी,
जयू

*

कराड
१९ जुलै २०१६

चि. सौ. जयवंतीस,

आज सकाळी यांचं ऑपरेशन झालं. तुझं पत्र आलं त्या दिवशी दोनदा वाचून घेतलं आणि तिसऱ्यांदा फक्त दुरियानचं. मग म्हणाले, चपला कुठे आहेत. मी विचारलं, कुठे निघालात? म्हणाले, पाणी व्हायच्या आत डॉक्टरकडे.

डॉक्टर म्हणाले, बराच कडक झाला होता, वेळ लागला. पट्टी उद्या सोडतील. दिसेल की नाही ते उद्याच कळेल. फोन करीनच, पण हे म्हणाले आज पत्र लिही, जे होईल ते होवो, आपण घाबरून बसलो नव्हतो हे तिच्याकडे लिहिलेलं राहू दे. मी मात्र घाबरले आहे. हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहिते आहे.

तुझी,
मामी

*

बेडोक
२८ ऑगस्ट २०१६

प्रिय मामा,

त्या दिवशी फोनवर मामी नुसतं "जयू" म्हणाली आणि तिच्या आवाजावरून मला कळलं, तुला दिसतंय. पुढचं मला काही ऐकू आलं नाही, कारण मी किचनमध्ये ओरडत होते आणि ईशा विचारत होती, "व्हॉट हॅपन्ड, मा? गुड थिंग ऑर बॅड थिंग?" फोनवर तू फोटोंबद्दल एक अक्षर बोलला नाहीस. बरं केलंस.

प्रदर्शनाचा निकाल आला. सहापैकी दोन घेतले. एक रंगीत सरबतांच्या बरण्यांचा, एक शेंगदाणे भरलेल्या जाड धिरड्याचा. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण रोहानाबाईंचा परत आला. सोबत सभ्य चिठ्ठी होती की फोटो भावपूर्ण आहे, परंतु विषय खाणं असून यात खाणं दिसत नाही. तेव्हापासून मनात तेच आहे. कदाचित माझीच नजर चुकली.

आता त्या सहांसकट अठरा फोटो आठ बाय बारामध्ये पाठवते आहे. मागे एकही चिठ्ठी नाही. मार्चमध्ये विचारलं तेच पुन्हा विचारते.

तुझी,
जयू

*

कराड
१६ सप्टेंबर २०१६

चि. जयूस,

अक्षर बघ. एका पानावर तीस ओळी. मामीचा कागदाचा कारखाना बुडाला.

पट्टी सोडली तेव्हा पहिली दिसली ती तुझी मामी. दोन वर्षांत केवढी पांढरी झाली! मी म्हटलं, "केस कधी पिकले?" ती म्हणाली, "तुम्ही मोतीबिंदू पिकवत बसला होतात तेव्हाच." मग दोघंही डॉक्टरांसमोर हसत सुटलो. डॉक्टरांना वाटलं, यांच्या डोक्यावर परिणाम झाला.

फोटो तीन दिवस बघितले. खिडकीशी, दुपारच्या उजेडात, मागून-पुढून. आता ऐक. अकरा सामान्य आहेत, ते कुणालाही दाखवू नकोस. चार बरे आहेत. त्यांनी निवडलेले दोन गोड आहेत, कॅलेंडरवर शोभतील, त्यांचा मान राख. राहिला एक.

त्या बाईंनी दुपारपासून रांधलं आणि जिभेला लावलं नाही. आपल्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक असाच करतात, माझी आई करायची. समोर भरलेली ताटं पुसट झाली आहेत आणि पेला अजून ओठांना लागलेला नाही. त्या बाईंची तहान माझ्या घशाला लागली. जयू, चाळीस वर्षं मी लोकांना "इकडे बघा, हसा" म्हणत फोटो काढले. असा एकही मला निघाला नाही. मला तुझा हेवा वाटला आणि मग मी बराच वेळ रडलो. डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, पण आतून येणाऱ्या पाण्याबद्दल ते काही बोलले नव्हते.

ज्यांना यात खाणं दिसलं नाही त्यांच्यावर रागावू नकोस. न दिसण्याचा मला ताजा अनुभव आहे. फक्त त्यांना माझ्या डॉक्टरांचा पत्ता कळव.

सोमवारी स्टुडिओ उघडला. बाहेरच्या काचेच्या कपाटातली सगळी नवरा-नवरीची जोडपी काढून ठेवली आणि मधोमध तुझा हा एकच फोटो लावला, मोठा करून, खाली तुझं नाव. रोहानाबाईंना हे सांग आणि त्यांची हरकत नाही ना ते विचार. बाजाराला जाणारी माणसं थांबतात. आत येऊन विचारतात, "मनोहरराव, ही बाई कोण?" मी म्हणतो, ते मागाहून सांगतो, आधी फोटोग्राफर कोण ते विचारा.

तुझा,
मामा